वर्षालीचा रोल

"आता तासभर मला कोणी हाक मारायची नाही," गुणाजी राऊळांनी बाथरूमच्या दारातून बजावलं. "घराला आग लागली तरी नाही."

"आग लागली तर मी खाली जाऊन उभी राहीन. तुम्ही बसा आत," मंजुळाबाई म्हणाल्या. "आणि माझी धुण्याची बादली आधी बाहेर द्या. तिच्यात ते औषध ओतलंत ना, तर बघा."

बादली बाहेर आली. दार लागलं, कडी बसली आणि दाराखालच्या फटीत आतून जुनी चादर कोंबली गेली. खिडकीवर काळा पुठ्ठा त्यांनी सकाळीच चिकटवला होता. बाहेर भर दुपार होती, मानपाडा रोडवर रिक्षांचे हॉर्न चालू होते, आत मात्र हाताला हात दिसत नव्हता. मग गुणाजींनी दिवा लावला. तांबडा, मंद, ओळखीचा उजेड पडला आणि ते जरा सैलावले.

ह्या दिव्याखाली त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली होती. कल्याणच्या एका दवाखान्यात ते एक्सरे टेक्निशियन होते. पेशंटला टेबलावर नीट झोपवायचं, "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणायचं, बटण दाबायचं, "सोडा" म्हणायचं आणि फिल्मची पेटी घेऊन डार्करूममध्ये शिरायचं. आत तांबड्या दिव्यात फिल्म औषधात बुडवायची आणि कुणाच्या तरी बरगड्या हळूहळू वर येताना बघायच्या. फिल्म वाया गेली आणि पेशंटला परत बोलवावं लागलं तर त्याला खात्यात 'रिपीट' म्हणत. गुणाजींच्या हातून रिपीट होत नसे. हे ते स्वतः सांगत, आणि विचारलं नाही तरी सांगत.

मग कॉम्प्युटर आला. डार्करूममध्ये जुने स्टँड आणि मोडक्या खुर्च्या भरल्या गेल्या आणि गुणाजी पडद्यासमोर बसून माउस हलवू लागले. रिटायर झाले तेव्हा शाल आणि नारळ मिळाला, पण त्यांनी मागून घेतला तो भंगारात निघालेला हा दिवा आणि एक्सरे बघायची भिंतीवरची पांढऱ्या उजेडाची पेटी. पेटी आता हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी होती. बिल्डिंगमधले लोक आपापले गुडघे आणि मणके घेऊन येत. गुणाजी सगळं समजावून सांगत आणि शेवटी "मी काही डॉक्टर नाही" असं म्हणून हात झटकत. दिवा मात्र माळ्यावर पडून होता. आज तो कामाला आला होता.

साबणाच्या फळीवर एक छोटा गोल डबा होता, अंगठ्याएवढा. त्यात वर्षालीचा रोल होता. खाली तीन ट्रे मांडले होते, डेव्हलपर, पाणी आणि फिक्सर. गुणाजींनी हात पुसले, डबा उचलला, परत ठेवला. पुन्हा हात पुसले. इतकं घाबरायला काय झालं, असं त्यांनी स्वतःला विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

वर्षाली त्यांना भेटली ती फोटोग्राफी क्लबात. क्लब म्हणजे रविवारी सकाळी ठाण्याला तलावपाळीवर जमणारी दहा-बारा माणसं. घरी बसून दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडणाऱ्या नवऱ्याला कंटाळून मंजुळाबाईंनीच त्यांना तिथे पिटाळलं होतं. प्रणित नावाचा लग्नाचे फोटो काढणारा तरुण तिथे शिकवायचा आणि नव्याने आलेला प्रत्येक जण त्याला एकच गोष्ट विचारायचा, की सर, कॅमेरा कुठला घेऊ.

"सुरुवातीला डिजिटलच घ्या," प्रणित त्या रविवारी सांगत होता. "हजार काढा, नऊशे नव्व्याण्णव उडवा. लगेच कळतं काय चुकलं ते. रोलचा नाद आधी नको. पंधरा दिवसांनी कळणार की लाइट चुकलेला, तोवर तुम्ही काय केलेलं तेच विसरलात."

"उडवता येतं म्हणून तर माणूस विचार करत नाही," गुणाजी म्हणाले. गळ्यात त्यांचा जुना रोलचा कॅमेरा होता. मुलांच्या वाढदिवसांना घेतलेला. "नवीन माणसाच्या हातात आधी फिल्मच द्यायला पाहिजे. छत्तीस फोटो, बस. मग बघा कसं डोकं चालतं. माझ्या हातात एकच फिल्म असायची, आणि टेबलावर माणूस कळवळत असायचा."

"काका, पण तुमचा पेशंट हलत नव्हता ना!"

"हलायचा की. मी सांगायचो, श्वास घ्या, धरून ठेवा. मग नाही हलायचा."

सगळे हसले. वर्षाली हसली नाही. ती ठाण्याच्या कोळीवाड्यातली, एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसणारी मुलगी. पगारातून हप्त्यावर डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि त्यात काढलेले हजारो फोटो मोबाइलमध्येच पडून होते. चहाच्या टपरीवर ती गुणाजींच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"काका, मला शिकवाल रोलवर? मला माझ्या आजीचे फोटो काढायचेत. मोबाइल समोर धरला ना, की ती पदर ओढते तोंडावर. माझा कॅमेरा बघून पण तेच. म्हणते, काय टिकटिक टिकटिक लावलंय."

गुणाजींना कोण आनंद झाला. नोकरी सुटल्यापासून "मला शिकवा" असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून तिथल्या तिथे तिला दिला, उजेड कसा मोजायचा ते दाखवलं, घरात अंधार असेल तर आजीला श्वास धरायला सांग म्हणजे फोटो हलणार नाही, हेही सांगितलं. आणि वर आणखी एक गोष्ट सांगितली.

"तुझा डिजिटल घरी ठेव. दोन्ही गळ्यात अडकवलेस तर ह्याच्यावर मन बसणार नाही. मोबाइलसुद्धा पिशवीत."

"आणि नाही आले फोटो तर?"

"न यायला काय झालं? मी आहे ना."

वर्षालीने शब्दन् शब्द पाळला. पहाटेच्या ओहोटीला आजीबरोबर खाडीवर गेली. आजी, गोदूबाई, ह्या वयातही गुडघाभर चिखलात उतरून हाताने निवट्या नावाचे मासे पकडायच्या. ते सगळं तिने काढलं. त्या जुन्या कॅमेऱ्याला गोदूबाईंनी पदर ओढला नाही. एकदाच खट्ट वाजायचं आणि मग बराच वेळ काही नाही, हे त्यांना बरं वाटलं असावं. होडीच्या कडेला बसून त्या पाय धूत होत्या तो फोटो तर, वर्षाली फोनवर गुणाजींना म्हणाली होती, "काका, तो आलाच पाहिजे. तशी ती कधी बघत नाही कोणाकडे." रोलात शेवटी थोडे फोटो उरले, ते वाया जायला नकोत म्हणून घरी येऊन खिडकीजवळ उगाच काढले.

त्याच आठवड्यात गोदूबाई चुलीपुढे कोसळल्या. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, पण उजवा हात गेला, जीभ जड झाली आणि तोंड एका बाजूला ओघळलं.

"तिचा सरळ तोंडाचा फोटोच नाहीये आमच्याकडे," वर्षाली म्हणाली होती. "आधार कार्डवरचा आहे. त्यात ती कोण आहे हे तिला पण कळत नाही. जे आहे ना काका, ते ह्या रोलमध्येच आहे."

ठाण्यातला दुकानदार रोल मुंबईला पाठवायचा, यायला तीन-चार आठवडे लागायचे. प्रणितने सांगितलं, माझ्या ओळखीची लॅब आहे, मी स्वतः नेऊन देतो. पण गुणाजी आडवे आले. स्वतःचे रोल त्यांनी जन्मभर दुकानातच धुवायला दिले होते, घरी एकही धुतला नव्हता. पण डेव्हलपर तोच, फिक्सर तोच, फिल्मच ती. "कशाला कुणाकडे? मी काय मेलोय? जन्मभर मी दुसरं काय केलं?" असं म्हणून त्यांनी डबा तिच्या हातातून घेतला.

तो आता साबणाच्या फळीवर होता.

गुणाजींनी ओपनरने डब्याचं झाकण उचकटलं. आतून काळ्याभोर फिल्मची घट्ट गुंडाळी तळहातावर आली. तांबड्या उजेडात ती चकाकली. एक्सरेची फिल्म भल्यामोठ्या कागदाएवढी असते, ही म्हणजे नुसती फीत. पण वास तोच. त्या वासाने ते सुखावले. गुंडाळी डाव्या मुठीत धरून उजव्या हाताने त्यांनी फीत ओढायला सुरुवात केली. हातभर, दोन हात. दोन्ही टोकं धरून ती ट्रेमधून वरखाली करायची आणि दिव्याखाली चित्र कसं उठतं ते बघायचं, असा बेत होता.

"अहो," दाराबाहेरून आवाज आला.

"हाक मारायची नाही म्हटलं ना!"

"मी नाही मारत. त्या वर्षालीचा फोन आहे. विचारतेय, तुम्ही पूर्ण अंधारात करताय ना?"

"सांग तिला, काळजी करू नको म्हणावं. डार्करूममध्येच आहे."

बाहेर कुजबुज झाली. गुणाजींनी आणखी हातभर ओढली.

"ती म्हणते, प्रणित सरांनी विचारायला सांगितलंय. लाल दिवासुद्धा चालत नाही म्हणे ह्या फिल्मला."

"त्या पोराला काय कळतंय! जन्म गेला माझा ह्या..."

वाक्य पुरं झालं नाही. कुठून कोण जाणे, त्यांना दवाखान्यातला एक दिवस आठवला. नव्या जातीची फिल्म आली होती. पहिली पेटी उघडली आणि सगळ्याच्या सगळ्या फिल्म काळ्या निघाल्या. तेव्हा डार्करूममध्ये पिवळा दिवा होता, जुन्या फिल्मला तो चालायचा. नवीला चालेना, म्हणून हा तांबडा बसवला होता. फिल्म बदलली की दिवा बदलतो, हे पुढे खात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला गुणाजीच सांगत. एक्सरेची फिल्म तांबडा रंग बघत नाही. आणि ही? ही माणसांचे फोटो काढायची फिल्म. माणसाच्या डोळ्याला दिसतं ते सगळं हिला दिसतं. तांबडंही.

त्यांनी दिवा बंद केला. घाईत बटण सापडायला वेळ लागला.

"मेल्या गुणाजी," ते अंधारात म्हणाले, "काय केलंस ह्यां!"

"काय झालं? पडलात काय?"

"नाही. फोन ठेव. ठेव तो फोन."

बाहेर काढलेली फीत अंगावर, हातावर लोंबत होती. ती गेली, ह्यात शंका नव्हती. पण डाव्या मुठीत अजून गुंडाळी होती. तिच्यावर मूठ होती, वरच्या थरांवर खालचे थर झाकलेले होते. किती आत गेला असेल उजेड? एक थर, दोन, पाच? अंधारात काहीच कळत नव्हतं. एक्सरेच्या वेळी चित्र डोळ्यांसमोर उठायचं, बरोबर-चूक लगेच दिसायचं. आता औषधात बोटं बुडवून, फीत वरखाली ओढत, किती वेळ झाला ह्याचा मनाशी अंदाज करत बसायचं होतं. गुणाजी फरशीवर बसले. गुडघे दुखू लागले. आयुष्यभर त्यांनी इतरांना श्वास धरायला लावलं होतं, आता त्यांचा स्वतःचाच श्वास नीट चालेना. देवाचं नाव घ्यावं असं वाटलं, पण कुठल्या तोंडाने घ्यायचं ते कळेना. प्रणितला देऊन टाकला असता रोल. चार दिवस थांबली असती पोरगी. पण नाही, आपल्याला मिरवायचं होतं.

दार उघडून ते बाहेर आले तेव्हा अंगावर औषधाचे ओघळ होते. मंजुळाबाईंनी त्यांच्या हातात पंचा दिला. त्यांनी टीव्हीशेजारची पेटी लावून दिली.

पांढऱ्या उजेडावर गुणाजींनी फीत धरली. काळी. पुढे सरकवली, काळी. आणखी पुढे, काळीच. डांबरी रस्ता बघावा तशी. खाडी नाही, चिखल नाही, होडी नाही, गोदूबाई नाहीत. शेवटी, जिथे फीत गुंडाळीच्या पोटात होती तिथे, काळेपणा करडा झाला आणि पाच-सहा चौकटी उघडल्या. एका बाजूने उजेड शिरून त्याही काठाला जळल्यासारख्या झाल्या होत्या. त्यांत एक म्हातारी खिडकीजवळ बसली होती. केस काळे, चेहरा काळा, डोळ्यांची बुबुळं पांढरी, सगळं उलटं. पण गुणाजींना उलटं वाचायची सवय होती. खांदे वर घेतलेले, छाती भरलेली, गाल फुगवलेले. तिने श्वास धरला होता.

उगाच काढलेले फोटो तेवढे राहिले होते.

"बाकीचे?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"बाकीचे मी मारले."

फोन पुन्हा वाजला. वर्षालीच होती. गुणाजींनी नको म्हणून मान हलवली. मंजुळाबाईंनी फोन उचलला आणि "अगं, ते अजून बाथरूममध्येच आहेत" असं शांतपणे सांगून ठेवून दिला.

"उद्या तिच्या घरी जा," त्या म्हणाल्या. "फोनवर सांगू नका."

"ती काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणेल. बोलली तर ऐकून घ्या. आणि तिथे तुमचं ते फिल्म चांगली की डिजिटल चांगलं, ते काढू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. बाहेर काय आलं आणि काय गेलं ह्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मांडीवर खाकी पाकीट होतं, एक्सरे देतात तसलं. काय सांगायचं ते मनाशी घोळवत होते. रोल जुना होता, असं सांगता आलं असतं. कॅमेऱ्याचं मागचं दार नीट लागत नाही, त्यातून उजेड शिरतो, असंही सांगता आलं असतं. तिला काय कळणार होतं? प्रणितलाही कळलं नसतं. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली तोपर्यंत मागच्या दाराची गोष्ट इतकी नीट जुळली होती की त्यांना ती जवळजवळ खरी वाटायला लागली. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. दार नीट लागत नव्हतं म्हणजे दोष कुणाचा, तर कॅमेरा वापरणाऱ्या पोरीचा.

कोळीवाड्याच्या गल्लीत मासळी वाळत घातली होती. दार वर्षालीनेच उघडलं. रात्रभर जागी असावी, डोळे सुजले होते.

"आले फोटो, काका? चांगले आलेत?"

"वर्षाली, मी तांबडा दिवा लावला होता," गुणाजी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "ह्या फिल्मला तो चालत नाही. मला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक असायला पाहिजे होतं. तुझा फोन आला तेव्हा मी फिल्म बाहेर काढली होती. चूक माझी आहे. कॅमेऱ्याची नाही, तुझी नाही."

वर्षालीने दार धरूनच विचारलं.

"खाडीवरचे?"

"गेले."

"चिखलातले सगळे?"

"सगळे."

"तो होडीवरचा?"

 गुणाजींनी पाकीट पुढे केलं. तिने घेतलं नाही.

"मी डिजिटल नेणार होते, काका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "पिशवीत भरला पण होता. मग तुम्ही बोललात म्हणून परत काढून कपाटात ठेवला."

"हो. मीच म्हटलं."

"मला वाटलं तुम्हाला माहितीये."

ती आत निघून गेली. गुणाजी दारात उभे राहिले. परत फिरावं की थांबावं ते कळेना. मंजुळाबाईंनी ऐकून घ्या म्हटलं होतं, पण ऐकायला काही उरलंच नव्हतं. समोरच्या घरातली बाई मासळी उलटी करताकरता त्यांच्याकडे बघत होती. त्यांना इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"कोन आयलाय गो?" आतून जड, घरंगळता आवाज आला.

"ते एक्सरेवाले काका, आजी."

"उबा कला ठेवलास त्याला? ये बोल."

खाटेवर, खिडकीजवळ गोदूबाई टेकून बसल्या होत्या. फोटोतली खिडकी तीच. उजवी बाजू ओघळलेली होती, त्या बाजूला पदर पुढे ओढून घेतला होता. गुणाजींनी हात जोडले आणि चूक पुन्हा सांगितली, ह्या वेळी थोडक्यात. म्हातारीने डावा हात पुढे केला. त्यांनी पाकिटातून फीत काढून दिली. गोदूबाईंनी काळा भाग, ग्रहण बघताना एक्सरे धरतात तसा, डोळ्यापुढे धरला आणि त्यातून खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"गिराण बगाला बरा हाय," त्या म्हणाल्या.

वर्षालीला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबरच रडू. ती खाली बसली आणि खाटेच्या कडेवर डोकं टेकून रडली. आजीचा चांगला हात तिच्या केसांत गेला. गुणाजी दुसरीकडे बघत होते.

मग तिनेच डोळे पुसून ते टोक हातात घेतलं. मोबाइलचा पांढरा पडदा फितीमागे धरला, घरातल्या दुसऱ्या मोबाइलने त्याचा फोटो काढला आणि दोन बटणं दाबून रंग उलटे केले. काळ्याचं पांढरं झालं. गाल फुगवून, खांदे उचलून बसलेल्या गोदूबाई दिसायला लागल्या. तोंड सरळ, नथ सरळ. पुढच्या फोटोत डोळे बटबटीत झाले होते. आणि शेवटच्या फोटोत श्वास सुटला होता, तोंडभर हसू होतं, पुढचा एक दात नव्हता तोही दिसत होता. हसताना हलल्या होत्या, म्हणून फोटोही जरा हलला होता.

"तुम्ही सांगितलेलं ना, श्वास धरायला सांग म्हणून," वर्षाली म्हणाली. "ही सोडायलाच तयार नव्हती. मी सोड म्हणायचं विसरले."

गोदूबाईंनी मोबाइल घेतला. स्वतःकडे बघितलं. मोबाइल मांडीवर पालथा ठेवला आणि पदर आणखी पुढे ओढला.  गुणाजींना वाटलं, हेही आपल्यामुळेच. काळे झाले ते फोटो जाऊ दे, उरलेलेही ह्या बाईला त्रासच देणार आता.

"वर्षाली," ते म्हणाले, "तुझा डिजिटल आण."

"आत्ता?"

"आण तू. आता दिवा, अंधार काही नको. दिसलं की दिसलं."

"ती नाही काढू देणार, काका. बघताय ना तुम्ही."

"नको म्हणाली तर ठेवून दे."

कपाट उघडल्याचा आवाज आला. वर्षाली कॅमेरा घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, पण डोळ्याला लावायचं धाडस तिला होईना. गुणाजी तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. करण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून त्यांनी ते मागे बांधले, दवाखान्यात बांधायचे तसे.

गोदूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. दवाखान्यात मागच्या आठवड्यात त्यांचे एक्सरे काढले होते, तेव्हाही एक माणूस असाच समोर उभा राहिला असेल. त्यांनी डावा हात वर नेला, पदर तोंडावरून सारून खांद्यावर टाकला आणि छाती भरून श्वास घेतला. धरून ठेवला. डावा गाल फुगला, उजवा तसाच खाली राहिला. डोळे समोर, कोणाकडेही न लाजता.

कॅमेरा वाजला. पुन्हा वाजला. टिकटिक टिकटिक. वर्षाली थांबली नाही. गुणाजी त्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनीही श्वास धरला होता, आणि हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"काका," वर्षाली कॅमेऱ्याआडून म्हणाली, "सोडा म्हणा ना तिला."

"हो," गुणाजी म्हणाले.  "सोडा. सोडा, आजी."

गोदूबाईंनी श्वास सोडला. तोंडाच्या एका बाजूने तो फुस्स करून गेला. पदर मात्र त्यांनी पुन्हा ओढला नाही.